बंदुकांचंही वेड आहे आणि फोटोग्राफीचंही, दोन्ही छंद एकत्र जमतील का?

तुमच्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय की लहानपणापासून बंदुकांचं वेड, आता पगारातून कॅमेरा पण घेतला, आणि घरचे म्हणतात एक काहीतरी धर आणि बंदूक तर नकोच. माझं स्पष्ट मत, दोन्ही धरा. मी 10 मीटर एअर रायफल (हवेच्या दाबावर छर्रा उडवणारी रायफल) शूटिंग करतो, हौस म्हणून, आणि फोटो काढतो, आणि ह्या दोन गोष्टी एकमेकींना इतक्या धरून आहेत की एकीत जे शिकलो ते दुसरीत आपोआप उतरत गेलं.

आधी कायद्याचं बोलून घेऊ कारण घरच्यांची भीती तिथेच आहे. 4.5 मिमी म्हणजे .177 बोअरची आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 जूलच्या आत असलेली एअर रायफल घ्यायला आपल्याकडे लायसन्स लागत नाही, दुकानात ओळखपत्र आणि वयाचा पुरावा द्यायचा. त्यापुढचं सगळं, म्हणजे .22 वगैरे, आर्म्स अ‍ॅक्टखाली येतं आणि लायसन्सशिवाय हात लावायचा नाही. पण लगेच दुकानात जाऊ नका. आधी क्लबमध्ये जा. बहुतेक ठिकाणी क्लबची रायफल वापरायला मिळते, कोच असतो, आणि मॅचसाठीच्या परदेशी रायफली लाखांच्या घरात जातात त्यामुळे पहिल्याच महिन्यात खर्च करण्यात अर्थ नाही. पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे, मुंबईत वरळीची रेंज आहे, आणि कोल्हापूरबद्दल तर काय सांगायचं. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतने 2018 च्या एशियन गेम्समध्ये 25 मीटर पिस्तूलचं गोल्ड घेतलं, स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 2024 मध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, तिघंही कोल्हापूरचे. घरी आईबाबांना ही नावं सांगा, आणि शक्य असेल तर एकदा त्यांना रेंजवर घेऊन जा. तिथली शांतता आणि शिस्त बघितली की निम्मी काळजी तिथेच जाते, रायफल हातात नसताना पण नळीचं तोंड कुणाकडे वळलेलं चालत नाही आणि कोच स्टॉप म्हणाला की सगळे थांबतात.

आता मुद्द्यावर येतो. दोन्हीत तुम्ही करता काय, तर एक जड वस्तू स्थिर धरता आणि ती जराही न हलवता बोटाने एक बारीकशी हालचाल करता. बस्स एवढंच, पण ह्यातच सगळं आलं. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, दहा मीटरवरून, उभं राहून. पेलेट म्हणजे छर्राच 4.5 मिमीचा, म्हणजे त्याचं भोक त्या ठिपक्याला शिवलं तरी दहा मिळतात, पण म्हणून सोपं नाही. रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते आणि ती दंडाच्या ताकदीवर पेलली तर पाचव्या शॉटला हात थरथरायला लागतो, म्हणून डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं आणि वजन सरळ हाडांवरून जमिनीत जाऊ द्यायचं. डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे, आणि नळी जिथे बघत असेल तिथेच तिला बघू द्यायचं. टार्गेटपासून बाजूला असेल तर हाताने ओढायचं नाही, पाय सरकवायचे. श्वास अर्धा सोडून थांबायचं, सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घ्यायची, कारण त्यानंतर डोळा गढूळ होतो. ट्रिगर दाबताना "आत्ता!" असं म्हणून झटका द्यायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. आणि शॉट सुटल्यावरही एक-दोन सेकंद तसंच उभं राहायचं, ह्याला फॉलो थ्रू म्हणतात आणि नवीन लोक नेमकं हेच गाळतात.

आता ह्यात रायफलच्या जागी 300 मिमीची लेन्स ठेवा. एक शब्द बदलावा लागत नाही. हाताने 300 मिमी वापरताना 1/300 सेकंदाच्या खाली शटर नेऊ नका असं सगळीकडे सांगतात, ते बरोबरच आहे, पण स्टान्स म्हणजे उभं राहायची पद्धत आणि श्वास जमल्यावर मी त्याच्या बऱ्याच खालीही शार्प फोटो काढतो, आणि त्याचं श्रेय लेन्समधल्या स्टॅबिलायझरपेक्षा कोचला जास्त आहे. शटर दाबून लगेच कॅमेरा खाली घेऊन स्क्रीन बघायची जी सवय असते ना, ती म्हणजे फॉलो थ्रू नसणं, ती एक सोडा, फरक दिसेल.

आणि हे नातं काही आजचं नाही. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने 1882 मध्ये चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, दस्ता खांद्याला, ट्रिगर बोटाखाली, आत फिरणारी काच, आणि सेकंदाला 12 फोटो. त्याने उडणाऱ्या पक्ष्यांवर तो रोखला आणि पंख नेमका कसा हलतो ते टप्प्याटप्प्याने पकडलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1887 मध्ये, अर्न्स्ट माख आणि पीटर झाल्खर यांनी आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचे फोटो प्रसिद्ध केले ज्यात गोळीच्या पुढे हवेत उठलेली लाट दिसते, होडीपुढे पाणी फाटतं तशी. मला तो फोटो फार आवडतो. डोळ्याला कधीच न दिसणारी गोष्ट आणि ती बंदूक आणि कॅमेरा एकत्र आल्याशिवाय दिसलीच नसती. पुढे अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने 1964 मध्ये सफरचंदातून जाणारी गोळी पकडली. त्यात बघण्यासारखं हे की सफरचंद गोळी बाहेर पडते फक्त त्याच बाजूने नाही तर आत शिरते त्या बाजूनेही तेवढंच फुटून बाहेर आलंय.

तुम्ही विचारलंय असं घरच्या सामानावर करता येतं का. गोळी नाही, पण जत्रेतला फुगा येतो! गणित करून बघा, मॅच एअर रायफलचा पेलेट साधारण 170 मीटर प्रति सेकंद वेगाने जातो, कॅमेऱ्याचं शटर 1/8000 ठेवलं तरी तेवढ्यात तो 21 मिमी सरकतो, म्हणजे नुसती रेघ येणार. म्हणून शटरने काही होत नाही, फ्लॅशने करायचं. साधा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर लावायचा सुटा फ्लॅश, अगदी कमी पॉवरवर, 1/64 वगैरे, ठेवला की तो फक्त 1/20000 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ पेटतो. पेलेट तेवढ्यातही 8-9 मिमी जातो त्यामुळे तो धूसरच दिसेल, पण फुग्याचं फाटणारं रबर छान येतं. खोली अंधारी, शटर दोन-तीन सेकंद उघडं, आणि फ्लॅशला आवाजावर चालणारा सेन्सर. सेन्सरची संवेदनशीलता इतकी कमी ठेवा की रायफलच्या आवाजाने फ्लॅश उडणार नाही, फुग्याच्या आवाजानेच उडेल. आणि खरी मजा माइकच्या जागेत आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे माइक फुग्यापासून 34 सेंटिमीटरवर ठेवला तर फ्लॅश 1 मिलिसेकंद उशिरा उडतो, तोवर रबर संपलेलं असतं, म्हणून माइक इंचाइंचाने जवळ आणत जायचं आणि प्रत्येक जागेला फुग्याचा वेगळा क्षण मिळतो. फुग्यात आधी थोडी टाल्कम पावडर भरा, रबर निघून जातं आणि पावडर अजून फुग्याच्या आकारातच हवेत उभी असते. हे गच्चीवर किंवा हॉलमध्ये करू नका, रेंजवर, मागे पेलेट अडवणारी भिंत असताना आणि कोचच्या परवानगीने, डोळ्यावर चष्मा. अंधार करायच्या आधी रायफल स्टँडवर पक्की बसवून घ्या, आणि फायरिंग लाइनच्या पुढे एकही माणूस नको.

मॅचचे फोटो काढायचे असतील तर फ्लॅश पूर्ण बंद, जागा फायरिंग लाइनच्या मागे, आणि शटरचा आवाजही नको. मिररलेसमध्ये सायलेंट मोड लावला की एलईडी लाइटखाली फोटोवर आडवे पट्टे येतात, त्याला उपाय 1/100 किंवा 1/50. आपली वीज 50 हर्ट्झची, लाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, त्या हिशोबात शटर बसलं की पट्टे जातात. इतर कुठल्या खेळात 1/100 वर फोटो हललेला येईल, इथे शूटर स्वतःच पुतळ्यासारखा उभा असतो त्यामुळे चालतं. मी चेहऱ्यावर फोकस करत नाही, ट्रिगरवरच्या बोटाच्या पेरावर करतो. 200 मिमीवर ते स्पष्ट दिसतं, आणि शॉट कधी सुटणार ते तुम्हाला त्यावरून आधीच कळायला लागतं.

तुम्हाला जुन्या हत्यारांमध्ये रस असेल तर पुण्यातलं केळकर संग्रहालय बघाच, आणि मुरुड-जंजिऱ्याला जाऊन कलालबांगडी तोफेचे फोटो काढा, सकाळी लवकर, तिरपं ऊन असताना, म्हणजे तोफेचा पोत दिसतो. तोफेचा कान, जिथे बत्ती द्यायचे, तो जवळून काढा.

दोन गोष्टी मात्र अजिबात नको. एअर गनने पक्षी मारायचे नाहीत, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे आणि कायदा नसता तरी नको, त्यासाठी कॅमेरा आहे ना. आणि बंदूक हातात घेऊन रील्स, लग्नात हवेत बार, कुणाच्या तरी पिस्तुलासोबत सेल्फी ह्यापासून लांब राहा. 2019 च्या दुरुस्तीनंतर जल्लोषात बेपर्वाईने बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि असे फोटो टाकणाऱ्या पोरांवर पोलीस कारवाई करतात हे आपण पेपरात वाचतोच. ह्या लोकांमुळेच तुमच्या-माझ्यासारख्यांना घरी समजावत बसावं लागतं, मला ह्याचा मनापासून राग आहे.

तर ह्या महिन्यात क्लबची चौकशी करा, कॅमेरा आहे तोच राहू द्या, नवीन लेन्स नको, आणि रोज घरी दहा मिनिटं कॅमेरा डोळ्याला लावून भिंतीवरच्या एका ठिपक्यावर श्वास अर्धा सोडून शटर दाबायची प्रॅक्टिस करा. रेंजवर पहिल्या दिवशी कोच विचारेल आधी कुठे शिकलात का.