कंटेनरला ‘डबा’ नको, ‘मांडणी’ म्हणा

नागपुरात मराठीतून ॲप बनवायला शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: स्क्रीनवरची बटणं, चित्रं, मजकूर जागच्या जागी बसवणाऱ्या ‘लेआउट कंटेनर’ला मराठीत काय म्हणायचं? ‘डबा’ म्हटलं की मुलं हसतात, ‘धारक’ म्हटलं की गप्प होतात.

ताई, ‘लेआउट’ तसाच ठेवावा तर नागपुरात वेगळीच पंचाईत. आपल्याकडे ले-आऊट म्हणजे प्लॉट पाडलेली जमीन. ‘५७२ ले-आऊट’, ‘१९०० ले-आऊट’ हे शब्द गुंठेवारीच्या बातम्यांतून कानावर पडलेले असतात. तरी हा अर्थ वाया जाऊ देऊ नका. ले-आऊट घर बांधत नाही, घराची जागा ठरवतो. कंटेनरही तेच करतो आणि स्वतः बहुधा दिसत नाही. डबा मात्र वस्तू नुसती साठवतो, आत ती कशी पडली याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. म्हणून ‘डबा’ बाद.

माझं मत ‘मांडणी’ला. स्वयंपाकघरात भांडी ठेवतो ती मांडणी, आणि ती ठेवायची रीत तीही मांडणी. वस्तू आणि क्रिया दोन्ही एकाच शब्दात!

पुढचे शब्दही तिथेच सापडतात. अँड्रॉइडचा लिनियर-लेआउट म्हणजे ताटाळं: एकाशेजारी एक, क्रम न मोडता, फक्त हे ताटाळं उभंही लावता येतं. फ्रेम-लेआउट म्हणजे भाकरींची चवड, शेवटी ठेवलेली सगळ्यांत वर. फ्लटर या ॲप बनवायच्या साधनातला स्टॅकही चवडच. पण आयफोनच्या आयओएस ९ या प्रणालीसोबत २०१५ साली आलेला ॲपलचा स्टॅक-व्ह्यू नावाने चवड आणि कामाने ताटाळं आहे. नुसतं नाव पाहून मराठी केलं की इथे हमखास चुकतं.

वस्तूंच्या जागा एकमेकींवरून ठरवणाऱ्या अँड्रॉइडच्या कन्स्ट्रेंट-लेआउटला ‘बंधन-मांडणी’ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण ताट वाढण्याची इतकी सुंदर रीत आपल्याजवळ आहे. मीठ वर मधोमध, लिंबू त्याच्या शेजारी, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. जागा बोटं मोजून कुणी सांगत नाही, शेजाऱ्यावरून सांगतात. म्हणून ताट लहान असो की मोठं, वाढणाऱ्याचं अडत नाही. हा लेआउटही लहानमोठ्या स्क्रीनवर असाच निभावतो. ‘ताट-मांडणी’ म्हणून पाहा.

आणि ‘मांडणी’चं अनेकवचन ‘मांडण्या’ सहज होतं. ‘एका मांडणीत किती मांडण्या घातल्या?’ हे मुलांना विचारत जा. फार खोल गेल्या तर मापं काढण्यातच फोनचा वेळ जातो.