कंपवाताच्या रुग्णाला काय विचारावे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मेंदूचे आजार, स्मृती आणि निर्णयप्रक्रिया यांपैकी एक क्षेत्र पीएच.डी.साठी निवडायचे आहे आणि निवड होत नाही, असे तू पत्रात लिहिले आहेस. विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत हे तीन वेगळे विभाग दिसतात, पण मेंदूत त्यांच्यामध्ये अशा भिंती नाहीत. हे ज्या आजारात मला सर्वांत स्पष्टपणे दिसले तो कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार, माझ्या आयुष्यभराच्या कामाचा विषय होता. म्हणून त्याच्याच आधारे उत्तर देतो.

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली लंडनमध्ये या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हा कंप आणि वाकलेले शरीर यांची नोंद करताना त्यांनी बुद्धी शाबूत राहते असेही लिहून ठेवले. पुढे दीर्घ काळ या एका विधानाने बहुतेक डॉक्टरांचे लक्ष रुग्णाच्या हातापायांवर खिळवून ठेवले. 1957 साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. हे द्रव्य आपल्या सर्पगंधेच्या मुळांतून मिळते. त्याने निपचित पडलेले ससे, मेंदूत ज्यापासून डोपामिन हे पेशींमधले संदेशवाहक रसायन बनते ते लेव्होडोपा टोचल्यावर, पुन्हा हिंडूफिरू लागले. 1960 साली व्हिएन्नात एहरिंगर आणि होर्निकिएविच यांना कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूतील स्ट्रायटम या भागात डोपामिन फारच कमी आढळले, आणि 1967 ते 1969 या काळात अमेरिकेत कोट्झियास यांनी लेव्होडोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन हा उपचार रुग्णांना खरोखर उपयोगी करून दाखवला. (कोकणात पायवाटेच्या कडेला अंगाला लागली की जीव नकोसा करणारी खाजकुइली तुला माहीत असेलच. तिच्या बियांतून हेच लेव्होडोपा भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी 1937 सालीच वेगळे काढले होते. त्या वेळी त्याचा कंपवाताशी संबंध कोणालाच ठाऊक नव्हता.) या साऱ्यातून डोपामिन म्हणजे हालचालीचे रसायन अशी समजूत पक्की झाली.

ती अपुरी होती, हे कळले ते हालचालीचाच शोध घेताना. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामिनच्या पेशींचे विद्युत्-संकेत टिपत होते. हात हलला की या पेशी चेततील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पेशी चेतल्या त्या अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला तेव्हा. विशिष्ट खुणेनंतर रस मिळतो हे माकडाला कळल्यावर संकेत रसाच्या क्षणावरून खुणेच्या क्षणावर सरकला. आणि खूण दाखवूनही रस दिला नाही, तर ज्या क्षणी तो मिळायला हवा होता, नेमक्या त्याच क्षणी पेशी गप्प झाल्या. अपेक्षा आणि प्राप्ती यांतला फरक या पेशी मोजतात, हा अर्थ शुल्ट्झ, डायन आणि मॉन्टेग्यू यांनी 1997 मध्ये मांडला. तुझे गणित चांगले आहे, म्हणून हा निबंध प्रथम वाच, आणि त्यातले समीकरण हाताने सोडवून पाहा.

आता स्मृतीकडे ये. 1996 साली नोल्टन, मॅन्गेल्स आणि स्क्वायर यांनी एक साधा खेळ रचला. समोर ठेवलेल्या पत्त्यांवरच्या आकृत्या पाहून पाऊस पडेल की ऊन, हे ओळखायचे. पत्त्यांचा आणि हवेचा संबंध पक्का नव्हता, केवळ संभाव्यतेचा होता. ज्यांना नव्या घटना स्मरणात ठेवता येत नाहीत असे रुग्ण हा खेळ हळूहळू शिकले, पण नंतर त्याच सत्राविषयी विचारलेल्या साध्या प्रश्नांची उत्तरे त्यांना नीट देता आली नाहीत. कंपवाताच्या रुग्णांना सत्र नीट आठवत होते. खेळ मात्र त्यांना सुरुवातीला जमलाच नाही. घटनांची आठवण आणि अनुभवाने अंगवळणी पडणारे ज्ञान मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी घडते, याचा इतका स्वच्छ पुरावा मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. बुद्धी शाबूत राहते हे विधान कोठे अडखळते, तेही येथे दिसते.

2004 मध्ये मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. औषध न घेतलेल्या अवस्थेत कंपवाताचे रुग्ण चुकांपासून अधिक शिकत होते, आणि औषध घेतलेले रुग्ण यशापासून अधिक शिकत होते. आजार तोच. गोळी घेतली आहे की नाही, यानुसार शिकण्याचा कल बदलला.

या निष्कर्षाचा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि त्याची खंत अजून जात नाही. माझ्या ओपीडीत येणाऱ्या एका गृहस्थांचा कंप नव्या गोळीने छान आटोक्यात आला होता. त्यांच्या पत्नी दोनदा सांगून गेल्या, की हे हल्ली रोज लॉटरीची तिकिटे आणतात, पूर्वी कधी आणत नसत. मी ते घरगुती गाऱ्हाणे समजलो आणि केसपेपरवर केवळ कंप कमी झाल्याचे लिहिले. 2010 मध्ये अमेरिका आणि कॅनडातील 3090 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुगार, बेसुमार खरेदी, अनावर कामेच्छा आणि खादाडी यांपैकी किमान एक तक्रार 13.6 टक्के रुग्णांत होती. प्रॅमिपेक्सोलसारखी डोपामिनची नक्कल करणारी औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण 17.1 टक्के होते आणि न घेणाऱ्यांत 6.9 टक्के. एका वेळी केलेली अशी पाहणी स्वतःहून कारण सिद्ध करत नाही, हे तू लक्षात ठेव. परंतु औषध कमी केल्यावर पुष्कळ रुग्णांची ही ओढ ओसरते, आणि एक संभाव्य कारणही मांडले गेले आहे. कंपवातात स्ट्रायटमच्या वरच्या भागातले डोपामिन आधी घटते आणि खालच्या, मोबदल्याशी निगडित भागातले बराच काळ टिकून राहते. त्यामुळे वरच्या भागाला पुरेशी असलेली मात्रा खालच्या भागाला जास्त होऊ शकते. त्या बाई मला हेच सांगत होत्या.

म्हणून माझा सल्ला असा, की क्षेत्र न निवडता आजार निवड, आणि प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी सहा महिने रुग्णांमध्ये बस. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. या दोघांशी वेगवेगळे बोल, कारण पैशांविषयी आणि इच्छांविषयी ते एकमेकांसमोर बोलत नाहीत. प्रत्येक चाचणीच्या कागदावर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिही. ती वेळ नसेल, तर निर्णयप्रक्रियेवरची ती नोंद मी स्वीकारणार नाही.

एक गोष्ट राहिली. फ्रँक यांच्या प्रयोगात जपानी अक्षरे वापरली होती, कारण अमेरिकेतल्या रुग्णांना ती केवळ आकृत्या वाटणार होत्या. आपल्याकडच्या, कधीच शाळेत न गेलेल्या आजींसमोर कोणतेही अक्षर ठेवले, तरी परीक्षेची भीती त्यांच्या उत्तरात उतरेल. त्यांच्यासाठी काय ठेवावे, रांगोळीचे ठिपके की धान्याचे दाणे, याचा विचार करून मला कळव. पुढच्या पत्रासोबत शुभंकरांना विचारायच्या प्रश्नांचा मराठी मसुदाही पाठव.

कळावे,
तुझे सर