पुण्यातली अकरा वर्षं आणि जर्मनीतले सहा महिने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात अकरा वर्षं कार चालवली, चार महिन्यांपूर्वी जर्मनीत राहायला आलात, जवळ इंटरनॅशनल परमिट आहे आणि ऑफिसातला मित्र म्हणतोय की त्यावर वर्षभर बिनधास्त चालवा. नंतर भारतीय लायसन्स देऊन इथलं सरळ बदलून मिळेल का, हेही विचारलंय.

मित्राचं ऐकू नका. परमिटवर एक वर्ष छापलेलं असतं, पण ते त्या पुस्तिकेचं आयुष्य. पुस्तिका म्हणजे तुमच्या लायसन्सचं भाषांतर, त्यापलीकडे काही नाही. जर्मनीत मुक्काम सुरू झाला की त्या दिवसापासून भारतीय लायसन्सवर सहा महिने गाडी चालवता येते. एकूण मुक्कामच बारा महिन्यांच्या आतला आहे हे पटवून देता आलं तर मुदत वाढवून मिळू शकते, पण तुम्ही कायमच्या नोकरीवर आलात, तेव्हा ते तुम्हाला लागू नाही. सहा महिन्यांनंतर स्टिअरिंगला हात लावलात तर कायद्याच्या लेखी तुम्ही विनापरवाना चालक. हा इथे पावती फाडून सुटण्यातला मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे. दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने या वाटेला जाऊच नये.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सरळ बदलून मिळत नाही. कोणत्या देशांचं लायसन्स परीक्षेशिवाय बदलून द्यायचं याची जर्मनीची एक यादी आहे. तिच्यात जपान आहे, दक्षिण कोरिया आहे, दक्षिण आफ्रिका आहे. भारत नाही. जपानी आणि दक्षिण आफ्रिकी लोकही आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवतात, म्हणजे अडचण डाव्या-उजव्याची नाही हे उघड आहे. पुण्याची वाहतूक पाहिलेल्या माणसाने या मुद्द्यावर फार वाद घालू नये असं माझं मत.

तरी तुमच्या अकरा वर्षांना किंमत आहे, आणि इथेच बरेच जण पैसे घालवतात. नवशिक्याला इथे थिअरीचे दीड-दीड तासांचे चौदा वर्ग सक्तीचे असतात, शिवाय हायवे, गावाबाहेरचा रस्ता आणि रात्र अशा मिळून बारा खास फेऱ्या. भारतीय लायसन्सवाल्याला यातलं काहीही सक्तीचं नाही. तुम्हाला फक्त दोन परीक्षा द्यायच्या आहेत, लेखी आणि प्रत्यक्ष. या प्रकाराला ‘उमश्राइबुंग’ म्हणतात. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाऊल ठेवताच हा शब्द उच्चारा. मी उच्चारला नव्हता. काउंटरवरच्या बाईंनी नवशिक्यांचं पूर्ण पॅकेज पुढे केलं आणि मी सही करायला पेन शोधत होतो. शेजारी बसलेल्या तुर्की मुलाने कोपराने ढोसलं म्हणून वाचलो. स्कूल मात्र लागतंच, कारण प्रत्यक्ष परीक्षा त्यांच्याच दुहेरी पेडलवाल्या गाडीतून आणि त्यांचा शिक्षक शेजारी बसवूनच द्यावी लागते.

आता कागदपत्रं. पासपोर्ट, पत्त्याच्या नोंदणीचा कागद, बायोमेट्रिक फोटो, मूळ भारतीय लायसन्स आणि त्याचं जर्मन भाषांतर. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून किंवा एडीएसी या मोटार क्लबकडून करून घ्या. डोळ्यांची तपासणी कोणताही चष्मेवाला पाच मिनिटांत करून प्रमाणपत्र देतो, सहा-सात युरो लागतात. हे सगळं लायसन्सच्या सरकारी ऑफिसात, म्हणजे ‘फ्यूररशाइनश्टेले’त द्यायचं आणि मग वाट पाहायची. माझा अर्ज सात आठवडे तिथे पडून होता. एजंट नावाचा प्राणी इथे नाही, चौकशीचा फोन केला तरी फाइल हलत नाही.

प्रथमोपचाराचं प्रमाणपत्रही लागतं, आणि तो दिवस मला आवडला. पाऊण-पाऊण तासाचे नऊ तास, एका शनिवारी उरकतात. रेड क्रॉस किंवा योहानिटरसारख्या संस्था घेतात, मोठ्या शहरांत इंग्रजीतही मिळतो. हेल्मेट कसं काढायचं, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, छाती किती खोल आणि कोणत्या लयीत दाबायची, हे सगळं रबरी धडावर करून घेतात. पुण्यात माझ्याकडे दहा वर्षं लायसन्स होतं आणि यातलं मला काहीही येत नव्हतं.

थिअरीला घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. तीस प्रश्न असतात, प्रत्येकाला दोन ते पाच गुण आणि चुकलेल्या गुणांची बेरीज दहापर्यंत चालते. एक खोच आहे: पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच होते, तरी नापास. एका प्रश्नाची दोन-तीन उत्तरं बरोबर असू शकतात आणि सगळ्यांवर खूण केली नाही तर तो प्रश्नच गेला. परीक्षा जर्मनशिवाय बारा भाषांत देता येते. इंग्रजी आहे, तुर्की आहे, अरबी आहे; हिंदी नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. इंग्रजी घ्या, पण तिचं वळण जर्मन वाक्यासारखं आहे, म्हणून अ‍ॅपवर प्रश्नसंच दोनदा तरी पालथा घाला. हजारावर प्रश्न आहेत. आपण सीईटीच्या वाणाची माणसं, हे आपल्याला जमतं.

त्यात गणितही येतं आणि ते मला फार पटलं. वेगाला दहाने भागा, तिनाने गुणा, आलं ते प्रतिक्रियेचं अंतर, मीटरमध्ये. वेगाला दहाने भागून वर्ग करा, ते ब्रेकचं अंतर. ताशी ५० ला १५ अधिक २५, म्हणजे ४० मीटर. ताशी १०० ला ३० अधिक १००, म्हणजे १३०. वेग दुप्पट, अंतर तिपटीहून जास्त. ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत काम करूनही हा आकडा रस्त्यावर डोळ्यांसमोर ठेवून मी कधी गाडी चालवली नव्हती. एक्सप्रेसवेवर पुढच्याच्या डिकीला चिकटून लोणावळा गाठलेले दिवस आठवले आणि पोटात गोळा आला.

खरी परीक्षा प्रत्यक्षची. तिथे अनुभवी माणूस नवशिक्यापेक्षा लवकर पडतो, कारण त्याचे हात आपोआप चालतात. मी पहिल्या वेळी नापास झालो, तेही अकराव्या मिनिटाला.

झालं असं. ताशी ३० ची वस्ती, दोन्हीकडे पार्क केलेल्या गाड्या. मी बरोबर ३० वर होतो आणि स्वतःवर खूश होतो. उजवीकडून एक बोळवजा रस्ता येऊन मिळत होता. ना सिग्नल, ना पाटी. अशा ठिकाणी जर्मनीत नियम एकच, ‘रेख्ट्स फोर लिंक्स’: उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. त्याचा रस्ता कितीही चिंचोळा असो, आपला कितीही रुंद असो. हा नियम मला पाठ होता, लेखीत याचे सगळे प्रश्न बरोबर आले होते. पण आपल्याकडे मोठ्या रस्त्यावरचा माणूस बोळाकडे बघत नाही, बोळातला माणूस मोठ्या रस्त्याकडे बघतो. माझी मान वळली नाही. शिक्षकाने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला, बोळातून एक निळी व्हॅन शांतपणे निघून गेली आणि मागे बसलेले परीक्षक म्हणाले, कडेला घ्या. शिक्षकाचा पाय पेडलवर गेला की परीक्षा संपते. पुढची किमान दोन आठवड्यांनी.

दुसरी गोष्ट मानेचीच. याला ‘शुल्टरब्लिक’ म्हणतात, खांद्यावरून मागे पाहणं. लेन बदलताना, वळताना, कडेवरून निघताना आरसा पाहून झाल्यावर मान वळवून बघायचंच. उजवीकडे वळताना तर नक्की, कारण त्या आंधळ्या कोपऱ्यात सायकलवाला असतो आणि सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याचा हक्क आधी. पुण्यात माझ्या गाडीचा डावा आरसा वर्षानुवर्षं मिटलेला होता, रिक्षा उडवतील म्हणून. माझ्या शिक्षकाने सांगितलेली युक्ती सांगतो: डोळे फिरवून भागत नाही, हनुवटी खांद्यापर्यंत गेली पाहिजे, परीक्षकाला मागून दिसली पाहिजे. थोडं नाटक करा. नाटक करता करताच सवय लागते.

तिसरी गोष्ट, हेडलाइटचा डिपर. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला तर अर्थ ‘मी येतोय, थांब’. इथे बहुतेक वेळा अर्थ ‘तुम्ही जा’. पहिल्या आठवड्यात एका बाईंनी मला सभ्यपणे डिपर दिला, मी आपल्या संस्कारांप्रमाणे थांबून राहिलो, त्याही थांबून राहिल्या. मागच्या चार गाड्यांनी ते मुकाट पाहिलं. हॉर्न कोणी वाजवला नाही, कारण वस्तीत हॉर्न फक्त धोक्यासाठी.

बारीकसारीक बरंच आहे. तुमची पुण्यातली गाडी मारुती किंवा ह्युंदाई असेल तर इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असेल. इथे ती डावीकडे, त्यामुळे पहिले तीन दिवस प्रत्येक वळणावर वायपर चालू होईल. गिअर उजव्या हाताने. ऑटोमॅटिकवर साधी परीक्षा दिलीत तर लायसन्सवर ऑटोमॅटिकपुरतंच असा शेरा येतो, हे स्कूलशी आधी बोलून घ्या. शहरात सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर, गावाबाहेर दोन. स्टॉपच्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता मोकळा असला तरी. आणि प्रत्यक्ष परीक्षा जर्मनमध्येच होते. तेवढ्यासाठी भाषा शिकायची गरज नाही, वीसेक सूचना कानाला सरावल्या की पुरे: उजवीकडे, डावीकडे, पुढच्या संधीला वळा, उलटं पार्क करा, अचानक ब्रेक दाबा. परीक्षक काहीच बोलले नाहीत तर सरळ जायचं.

शिकवणी सक्तीची नाही म्हणून थेट परीक्षेला बसू नका. मी पाच तासिका घेतल्या आणि नापास झालो, मग आणखी चार घेतल्या आणि पास झालो. सुरुवातीलाच आठ-दहा घेतल्या असत्या तर एक परीक्षा वाचली असती. पाऊण तासाच्या तासिकेला मला ६५ युरो पडले, गावागणिक फरक पडतो. लेखीची फी २५ युरोच्या आसपास, प्रत्यक्षची १३० च्या, आणि स्कूल परीक्षेच्या दिवसाचे वेगळे घेतं. सगळं मिळून माझे चौदाशे युरो गेले. नवशिक्याला याच्या दुप्पट तरी लागतात.

एक सुखद गोष्ट. नव्या चालकाला इथे दोन वर्षं परिवीक्षा असते, त्या काळात चुकांना जास्त कडक शिक्षा. भारतीय लायसन्स मिळाल्यापासूनचा काळ त्यात धरला जातो, त्यामुळे तुम्हाला ती लागणार नाही. दुचाकीचं मात्र सगळं वेगळं. आपल्या लायसन्सवर गिअरच्या मोटरसायकलचा शेरा असला तरी इथे तिची परीक्षा निराळी. कारच्या लायसन्सवर ५० सीसीची, ताशी ४५ वेगाची स्कूटर तेवढी चालवता येते. बुलेटवाल्यांनी मन घट्ट करावं.

नवीन कार्ड घ्यायला गेलो तेव्हा जुनं मागून घेतलं. तसा नियमच आहे, भारतीय लायसन्स जमा केल्याशिवाय जर्मन हातात देत नाहीत. एमएच १२ ने सुरू होणारा नंबर, एकविसाव्या वर्षीचा मिशी फुटतानाचा फोटो, भोसरीच्या ट्रॅकवर बाबांनी बाहेर उन्हात उभं राहून पाहिलेली परीक्षा. काउंटरवरच्या माणसाने ते एका पाकिटात टाकलं आणि पुढचा नंबर पुकारला. तुम्ही आधीच दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढून ठेवा, मी काढले नव्हते.

आता तुमचं गणित. चार महिने झालेत, दोन उरलेत. आज अर्ज टाकलात तरी दोन महिन्यांत कार्ड हातात पडणार नाही. मधले काही महिने गाडीविना जातील हे धरूनच चाला आणि महिन्याचा रेल्वे-बस पास काढून ठेवा. सहा महिने उलटले म्हणून उमश्राइबुंगचा मार्ग बंद होत नाही, चालवण्याची परवानगी तेवढी संपते. पण अर्जाच्या वेळी भारतीय लायसन्सची मुदत शिल्लक हवी, म्हणून आधी त्यावरची तारीख बघा. या शनिवारचा प्रथमोपचाराचा वर्ग भरला असेल तर पुढच्या शनिवारचा घ्या. भाषांतराला आजच टाका, कारण अर्ज त्याच्यासाठीच अडतो. आणि बस चालकाच्या मागच्या सीटवर बसायला मिळालं तर बसा. वस्तीतून जाताना प्रत्येक उजव्या बोळाकडे त्याची मान कशी वळते ते बघत राहा. माझी दुसऱ्या परीक्षेची निम्मी तयारी तशीच झाली.