हरिहरेश्वरची प्रदक्षिणा साठीच्या आई-बाबांना घेऊन जमेल का? डिसेंबरमध्ये जावं की मे महिन्यात?

माझं आजोळ श्रीवर्धनचं, त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही. डिसेंबर की मे ते नंतर, आधी तिथी बघा. देवळामागच्या डोंगराला वळसा घालणारी ही वाट समुद्राच्या कडेनं परत येते आणि भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून पावसाळा सोडून महिना कुठलाही असू दे, तिथी चुकली तर प्रदक्षिणा नाही. आमच्याकडे हिशोब सोपा, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीनला भरती, म्हणजे नऊला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. आजोबा कॅलेंडरकडे एक नजर टाकून सांगायचे, आणि हे मोबाईलवरच्या हवामानात दिसत नाही.

एकदा दत्तजयंतीला आम्ही सगळी भावंडं तिथे गेलो होतो. दत्तजयंती म्हणजे पौर्णिमा, म्हणजे उधाण, आणि भरती बाराच्या आसपास. माझा आतेभाऊ पुण्याचा, सह्याद्रीतले गड पालथे घातलेला, काळभैरवाचं दर्शन झाल्या झाल्या अकराला म्हणाला चला, तासाभराचं काम आहे, हा काय ट्रेक आहे का. मी म्हटलं आत्ता नाही, चारनंतर जाऊ. तर सगळ्यांसमोर मला म्हणाला तू लहानपणापासून भित्रीच, ऊन पडलंय, वारा नाही, कसली भरती घेऊन बसलीस. आणि निघाला, मागे दोन पोरं. गणेश गल्लीपर्यंत गेले (दोन कड्यांच्या मधली ती अरुंद फट, तिथून पायऱ्या थेट समुद्रात उतरतात) आणि खालून वर येणारं पाणी बघून परत फिरले. पोरं घाबरलेली. हा मात्र आजही प्रत्येक लग्नात सांगतो की हिच्यामुळे ट्रिपचा मूड गेला.

आम्ही बाकीचे साडेचारला गेलो. देवळामागून पायऱ्या चढलं की वरून सावित्रीची खाडी आणि पलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो. तुळाजी आंग्र्यांना मोडायला पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि 1756 च्या तहात बाणकोट त्यांना देऊन टाकला. हरिहरेश्वर पेशव्यांचं कुलदैवत! कुलदैवताच्या समोरचा किल्ला इंग्रजाला, हे तिथे उभं राहिलं की मला दर वेळी लागतं. नंतर गल्लीतून खाली उतरलो तर सकाळी जिथे लाटा फुटत होत्या तिथे सपाट काळा कातळ उघडा पडलेला, कड्याला लाटांनी मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडलेली, डबक्यांतून खेकडे, कातळाला चिकटलेली कालवं, आणि डोक्यावरून एक काकण गेला, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड हो, पायात मासा धरून. पोरं आ वासून बघत राहिली. समुद्राच्या कडेनं चालत देवळापाशी परत आलो, दीड तास लागला, थांबत थांबत.

त्यामुळे याला ट्रेक न म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. उंची नाही म्हणून सोपं, हे डोंगरातल्या माणसांचं गणित आहे. इथे परतीची वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, माणसं वाहून गेलीत तिथे.

तुमचं विचाराल तर डिसेंबर बरा, मेमध्ये कातळ तापतो. पण फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये जमवलंत तर बागमांडल्याहून फेरीबोटीनं वेश्वीला उतरून वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला मिळतील, आणि वेळास नाना फडणवीसांचं गाव, बाबांना आवडेल. सकाळी जायचं तर चतुर्थी-पंचमी धरा. अष्टमीला भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी फारसं मागे जात नाही, ती टाळा. चढ जमेल त्यांना, उतरायच्या पायऱ्यांना गुडघे बोलतील, आणि शेवाळावर चप्पल अजिबात नको.

आणि हो, पाऊणपटीचा हिशोब अंदाजाचाच, अर्धापाऊण तास इकडे तिकडे होतो, म्हणून देवळात विचारल्याशिवाय उतरू नका. "एवढं काय" म्हणणारा कुणी बरोबर असेल तर त्याला पुढे जाऊ देऊ नका, त्याच्यामागे पोरं जातात. आणि दादा, तू हे वाचत असशील तर परत सांगते, ट्रिप मी नाही घालवली, साडेचारला मी तुला हाक मारायला आले होते, तूच खोलीवरून उठला नाहीस.