वाचकांचे प्रश्न: धोकादायक माल, ड्रायव्हरचं ट्रेनिंग आणि पाटीवरचे आकडे

माझे मिस्टर लोणी काळभोरहून पेट्रोल-डिझेलचा टँकर चालवतात. लायसनवर हॅझार्डसचा शिक्का आहे, तो आता रिन्यू करायचाय. मालक म्हणतात एजंटला पैसे दिले की सर्टिफिकेट घरी येतं, गाडी एक दिवस उभी ठेवायची गरज नाही. हे चालतं का? — एक वाचक भगिनी, हडपसर

ताई, नाही चालत, आणि मिस्टरांनी ह्यात अजिबात पडू नये. सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्स 1989 चा नियम 9 आहे, त्यात स्पष्ट आहे की धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला पहिल्यांदा 3 दिवसांचा कोर्स करावा लागतो, आणि त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आलं पाहिजे. हा शिक्का पूर्वी एकच वर्ष चालायचा, 2019 च्या दुरुस्तीनंतर 3 वर्षं चालतो, पण रिन्यू करताना 1 दिवसाचा रिफ्रेशर करावाच लागतो. म्हणजे मालक जो दिवस वाचवायला बघतायत तो तीन वर्षांतून एकदा येणारा दिवस आहे. एवढ्यासाठी कोणी खोटा कागद करत असेल तर मला त्याचा रागच येतो, कारण उद्या काही झालं तर पोलीस आणि इन्शुरन्सवाले आधी लायसन मागतात, आणि तेव्हा एजंट फोनसुद्धा उचलत नाही. हे नियम मोडले तर मोटर वाहन कायद्याच्या कलम 190 खाली पहिल्या वेळेला 10 हजार दंड आहे, पुन्हा सापडलं तर 20 हजार, आणि कैदेचीही तरतूद आहे.

आता कोर्समध्ये काय असतं. गाडी सांभाळून चालवणं, घाटात गिअर आणि ब्रेक कसे वापरायचे हे असतंच, पण खरा भाग मालाचा असतो. आपण काय नेतोय, ते कशाने पेटतं, अंगावर उडालं तर काय करायचं, गाडीवरची धोक्याच्या मालाची पाटी कशी वाचायची, ट्रेम कार्ड कसं वाचायचं. ट्रेम कार्ड म्हणजे त्या मालाचा आणीबाणीचा कागद, माल देणाऱ्याने माहिती लेखी द्यायची आणि ड्रायव्हरने ती माल गाडीत असेपर्यंत केबिनमध्येच ठेवायची, ऑफिसच्या फाइलीत नाही. मिस्टरांना एवढंच विचारा की आज भरलेल्या मालाचं कार्ड कुठे आहे आणि त्यावर पहिली ओळ काय लिहिलीये. उत्तर लगेच आलं तर ट्रेनिंग झालंय असं समजा. भोसरीला सीआयआरटी आहे, रोड ट्रान्सपोर्टच्या ट्रेनिंगची जुनी संस्था आहे, तिथे चौकशी करा, किंवा आरटीओत मान्यता असलेल्या संस्थांची यादी मागा. आणि कोर्सची फी मालकाकडूनच मागा, काम त्यांचंच चाललंय.

आमचा छोटा ट्रान्सपोर्ट आहे, चाकण एमआयडीसीतून पेंट आणि थिनरचे ड्रम पिकअपने नेतो. हे सगळे नियम टँकरलाच आहेत ना? — एक वाचक, चाकण

नाही दादा, हा गैरसमज फार पसरलाय. नियमात शब्द मालवाहू गाडीचा आहे, टँकरचा नाही. थिनर ज्वालाग्राही द्रव आहे, म्हणजे धोकादायक मालाच्या वर्गवारीत वर्ग 3, लाल रंगाचं चौकोनी लेबल उभ्या टोकावर. ते ड्रममध्ये भरा नाहीतर टाकीत, पेटताना त्याला फरक पडत नाही, उलट ड्रम सैल बांधलेले असले की वळणावर एकमेकांवर आपटतात, झाकण ढिलं होतं आणि वास यायला लागेपर्यंत पिकअपच्या फळीवर माल पसरलेला असतो.

जबाबदारी तिघांवर आहे. माल देणाऱ्याने मालाची पूर्ण आणि खरी माहिती द्यायची, बिल्टीवर नुसतं 'केमिकल' लिहून हात झटकायचे नाहीत. तुम्ही, म्हणजे गाडीमालकाने, गाडी त्या मालाला योग्य आहे हे बघायचं आणि ड्रायव्हरला मालाचा धोका समजलाय ह्याची माल देणाऱ्याला खात्री पटवायची, नियम 135 नेमका हेच सांगतो. आणि ड्रायव्हरने त्याला दिलेल्या सूचना पाळायच्या. सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणगी बाहेर पडू न देणारं उपकरण, आग विझवायचं सिलिंडर, फर्स्ट एड हे तर हवंच. तुम्ही माल भरायला गेलात आणि तिथल्या माणसाने कागद न देता 'अरे जा रे, रोजचंच आहे' म्हटलं तर गाडी गेटवरच उभी करा, माहिती हातात आल्याशिवाय हलू नका. पार्टी जाईल अशी भीती असते, कळतं मला, पण मोठ्या कंपन्या आता स्वतःच हे कागद तपासतात आणि ज्याच्याकडे ते नीट असतात त्यालाच पुढचं काम देतात.

अजून एक, गाडी ढाब्यावर लावून ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही जेवायला बसतात ते बंद करा. गाडी सुरक्षित जागी लावायची आणि ड्रायव्हर किंवा 18 वर्षांवरच्या जाणकार माणसाची तिच्यावर सतत नजर हवी.

टँकर खाली करून परत येताना पाट्या झाकल्या तर चालतील का? रिकाम्या गाडीला उगाच अडवतात. — एक ड्रायव्हर, देहूरोड

झाकू नका. पेट्रोल ओतून घेतलं तरी आत वाफ राहते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा ही वाफेची टाकी जास्त घातक असते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की ती पेट घेते, भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की हवा पुरत नाही, खाली झालेल्या टाकीत मात्र हवा शिरते आणि नेमकं हेच मिश्रण तयार होतं. टाकी धुवून वाफ काढली नसेल तोवर ती रिकामी समजायची नाही, वेल्डिंगवाल्याकडे तर न्यायचीच नाही. त्या टाकीत कोणी 'दोन मिनिटं' म्हणून उतरायचं नाही, तुम्ही नाही आणि क्लीनरचं पोरगं तर अजिबात नाही.

आमची सोसायटी कात्रज-देहूरोड बायपासला लागून आहे, नवले पुलाच्या बाजूला अपघात सारखे होतात. केमिकलचा टँकर पलटला तर आम्ही नेमकं काय करायचं? — सोसायटीचे एक सभासद, नऱ्हे

आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण माणसं त्यातच जातात. कॅन घेऊन धावायचं नाही, व्हिडिओ काढायला जवळ जायचं नाही, गाडी सुरू करून तिथून रेटायची नाही. जून 2023 मध्ये लोणावळ्याजवळ कुणे पुलावर टँकर पेटला तेव्हा 4 जण गेले, आणि जळतं केमिकल पुलाखालच्या रस्त्यावरसुद्धा पडलं होतं. त्यामुळे उताराच्या आणि खालच्या बाजूला उभं राहायचं नाही, वारा जिकडून येतोय तिकडे, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि लांब जायचं.

मग लांबूनच पाटी वाचायची. नियम 134 प्रमाणे ती गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे असते, मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम केलं की दिसते. समजा 1203 आणि 3YE दिसलं. 1203 म्हणजे पेट्रोल. 3 म्हणजे विझवायला फोम, पाण्याचा झोत नाही. Y म्हणजे स्फोटाची शक्यता, श्वासाचं उपकरण लागणार आणि माल गटारात-नाल्यात जाऊ द्यायचा नाही. E म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. आता 1830 आणि 2P दिसलं तर ते सल्फ्युरिक ॲसिड, त्याला पाण्याचा बारीक फवारा, पूर्ण अंग झाकणारे कपडे आणि भरपूर पाण्याने पातळ करणं, म्हणजे पेट्रोलच्या जवळजवळ उलटं. हे काम फायर ब्रिगेडचं आहे, तुम्ही करू नका, पण 112 किंवा 101 ला फोन करताना 'टँकर पलटलाय' एवढंच न सांगता 'पाटीवर 1203 आहे, 3YE आहे, गळती पुण्याच्या बाजूला वाहतीये' असं सांगितलं तर निघतानाच त्यांना कळतं की फोम घ्यायचाय. पाटीवर माल पाठवणाऱ्याचा आणि तज्ज्ञ माहितीचा फोन नंबरही असतो, तोही सांगा. सोसायटीच्या वॉचमनला हे एकदा शिकवून ठेवा, रात्री तीन वाजता जागा तोच असतो.

मुलाकडे इथलं हेवी आणि हॅझार्डस लायसन आहे, जर्मनीत ट्रक चालवायला जायचं म्हणतोय. हाच शिक्का तिथे चालेल का? — एक वडील, पिंपरी

नाही. युरोपात धोकादायक मालाला एडीआर करार लागू आहे, 1957 साली जिनिव्हात झालेला, आणि त्याचं वेगळं ड्रायव्हर सर्टिफिकेट लागतं. आधी बेसिक कोर्स आणि परीक्षा, टँकर चालवायचा असेल तर त्याचा वेगळा कोर्स, स्फोटकं आणि किरणोत्सारी मालाला अजून वेगळे. सर्टिफिकेट 5 वर्षं चालतं आणि संपायच्या आत रिफ्रेशर देऊन पुन्हा परीक्षा. इथला अनुभव शिकताना कामाला येईल, पण परीक्षा तिथल्या भाषेत समजून द्यावी लागेल, तेव्हा व्हिसाच्या एजंटला पैसे देण्याआधी मुलाला जर्मनचा क्लास लावा.