डबघाईला आलेल्या पोलाद उद्योगाला सरकारने पैसा दिला, तर कामगार वाचतो का?

कारखाना वाचतो कधीकधी. कामगार वाचेलच असं नाही. मी काही वर्षं ब्लास्ट फर्नेसवर पाळ्या केल्या आहेत, म्हणून आधी भट्टीबद्दल सांगतो. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

कापडाचे माग रात्री थांबवून सकाळी सुरू करता येतात. ही भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं अखंड चालते. वरून खनिज, कोक (हवेशिवाय भाजलेला दगडी कोळसा) आणि चुनखडी, बाजूने गरम हवेचा झोत, तळाशी सुमारे 1500 अंशांचं वितळलेलं लोखंड. नीट तयारी न करता ती निवली तर आतला माल गोठतो, आणि तो फोडून काढणं म्हणजे महिनोन्‌महिन्यांचं काम. त्यामुळे तोट्यातल्या मालकाला सरकारसमोर फार घसा कोरडा करावा लागत नाही. कोळसा अमुक दिवसांचाच उरलाय, एवढं सांगितलं की पुरे.

ब्रिटनमध्ये हे आपण पाहिलं. 2015 मध्ये इंग्लंडातल्या रेडकारला थाई मालकीची एसएसआय ही पोलाद कंपनी बुडाली तेव्हा सरकारने भट्टी चालू ठेवली नाही. सुमारे 2,200 नोकऱ्या गेल्या. मग 8 कोटी पौंडांपर्यंतची मदत जाहीर झाली, पण तिच्यात नोकरी गेल्यावर कायद्यानेच मिळणारी भरपाईही धरलेली होती. जे देणंच लागतं तेही मदत म्हणून मोजायचं!

दहा वर्षांनी, इंग्लंडातल्याच स्कनथॉर्पच्या पोलाद कारखान्यात, नेमकं उलट. चिनी मालक जिंगये दिवसाला सुमारे 7 लाख पौंड तोटा सांगत होते आणि तिथल्या दोन भट्ट्या ही देशातली शेवटची जोडी होती. 12 एप्रिल 2025 ला, शनिवारी, संसद बोलावून एका दिवसात कायदा केला गेला. त्याने मालकी घेतली नाही, कारखाना चालवायला लावण्याचा अधिकार घेतला. मग कोक बनवायच्या कोळशासाठी धावपळ.

मला जास्त विचार करायला लावते ती मधली गोष्ट, वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटची. मालक टाटा स्टील, म्हणजे आपल्या ओळखीचं नाव. 125 कोटी पौंडांची इलेक्ट्रिक आर्क फर्नेस, त्यातले 50 कोटी सरकारचे. पण ही भट्टी भंगार वितळवते. खनिजापासून लोखंड करायचंच नाही म्हटल्यावर कोक ओव्हन (कोक भाजायच्या भट्ट्या), सिंटर प्लांट (खनिजाची भुकटी भाजून तिचे गोळे करणारा विभाग), ब्लास्ट फर्नेस या सगळ्यांवरची माणसं जास्तीची ठरतात. 2,800 पर्यंत नोकऱ्या जाणार, हे कंपनीने सांगूनच टाकलं होतं. अनुदान आणि कपात एकाच योजनेत! त्यातून शेवटची जुनी भट्टी 30 सप्टेंबर 2024 ला बंद झाली आणि नवी 2027 च्या अखेरीच्या आधी पेटणार नाही. तोवर एक जुनी चालू ठेवा, असं युनियन म्हणत होत्या. कंपनीने खर्चाचं कारण देऊन नकार दिला. माझ्या मते सरकारने 50 कोटी देताना अडून बसायला हवं होतं ते इथे. प्रशिक्षण वगैरेसाठी 10 कोटींचा निधी वेगळा ठेवला, तो बरा. पण वीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी काढलेल्या माणसाच्या हातातलं कसब दुसरीकडे कुणी त्याच पगारात विकत घेत नाही, आणि कंत्राटी माणूस तर अशा आकड्यांत बहुतेक वेळा मोजलाही जात नाही.

आयातशुल्काचं थोडक्यात: जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद चीन बनवतो, तेव्हा शुल्काने मालाला भाव मिळतो, पण तो पैसा पगारात उतरवायला मालकावर कुणाचं बंधन नसतं.

एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो: पेन्शन. 2017 च्या पुनर्रचनेत टाटाच्याच कामगारांच्या, 'ब्रिटिश स्टील' हे जुनं नाव असलेल्या पेन्शन योजनेतून सुमारे 8,000 जण बाहेर पडले, अनेकजण चुकीच्या सल्ल्याने. आयुष्यभराची खात्रीची पेन्शन सोडून त्यांनी बाजारातली जोखीम घेतली. पुढे नियामकाला भरपाईची योजना आणावी लागली. गेटवर एक सरकारी सल्लागार फुकट बसवला असता तरी त्यातले बरेच वाचले असते.