दुष्काळ, उचल आणि मुलीचं लग्न

प्रश्न : मॅडम, गेल्या अंकात तुम्ही लिहिलंत की दुष्काळ पडला की भारतात बालविवाह कमी होतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे उलटं दिसतं. पाऊस गेला की दसरा-दिवाळीच्या सुमारास आठवी-नववीतल्या मुली एकेक करून शाळेत यायच्या बंद होतात. मग संशोधन खोटं की आमचे डोळे? आणि आम्ही करायचं काय?
– एक शिक्षक, जि. बीड

उत्तर : गुरुजी, तुमचे डोळे खरे आहेत आणि ते संशोधनही खरं आहे. लुचिया कोर्नो, निकोल हिल्डेब्रांट आणि अलेसांद्रा व्होएना या अर्थतज्ज्ञांचा तो अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आणि भारतात दुष्काळाने पीक सारखंच बुडतं. पण तिथे दुष्काळी वर्षात कोवळ्या वयात लग्न होण्याचा धोका 3 टक्क्यांनी वाढतो, आपल्याकडे 4 टक्क्यांनी घटतो. कारण देण्याघेण्याची दिशा. तिथे बऱ्याच समाजांत वरपक्ष मुलीच्या बापाला गुरं किंवा पैसे देतो, म्हणून अडचणीच्या वर्षी लग्न लवकर उरकतात. इथे हुंडा मुलीच्या बापाने द्यायचा. हातात पैसाच नसेल तर तो म्हणतो, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू.

पण 4 टक्के ही साऱ्या देशाची सरासरी झाली. तुमच्या भागात दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात, गावं निम्मी रिकामी होतात, आणि तिथे लग्नाचा व्यवहारच निराळा आहे. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती जोडीवर. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याची उचलही तशीच. मुलाच्या घरी सून आली की त्याच हंगामात कोयता पुरा होतो. मुलीच्या आईबापांपुढे वेगळाच पेच असतो. पाच-सहा महिने कारखान्यावर जायचं, तर वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर न्यावी तर उसाच्या फडात आणि कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, तिला जपायचं कसं? म्हणून तेही हो म्हणतात, आणि पुष्कळदा कमी देण्याघेण्यात निभावतं. दुष्काळ पडला की खरीप गेलं, रब्बीची आशा नाही, म्हणजे उचल घेणारी घरं वाढणार. सरासरीच्या आकड्यात दुष्काळ लग्न थांबवतो आणि तुमच्या वर्गातून मात्र मुलगी उचलून नेतो, तो असा. हा अर्थ मी लावलेला आहे, त्या अभ्यासात ऊसतोडीचा विषय नाही.

आता करायचं काय. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 सालचा आहे, ग्रामसेवकावर जबाबदारी आहे, 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो. तो जरूर करा. पण लग्न ज्या गरजेपोटी लावलं जातं ती गरज दुसऱ्या कुणी भागवल्याशिवाय फोन करून एखादं लग्न थांबेल, पुढच्या तालुक्यात दुसरं लागेल. मला बांगलादेशातला एक प्रयोग फार मोलाचा वाटतो. तिथे 15 ते 17 वर्षांच्या मुलींच्या घरी, मुलगी अविवाहित आहे तोवर, दर काही महिन्यांनी खाद्यतेल पोहोचवलं. निदान दोन वर्षं हा लाभ ज्यांना मिळू शकत होता, त्या मुलींची अल्पवयात लग्नं 19 टक्क्यांनी घटली. मुलींना जागरूक करणारे वर्गही त्याच प्रयोगात होते, त्यांनी लग्नाचं वय वाढलं नाही. तेल काही महाग नव्हतं, पण ते दर वेळी, वेळेवर आणि डोळ्यांसमोर येत होतं.

आपली 'लेक लाडकी' योजना याच्याशी ताडून पाहा. एकूण 1,01,000 रुपये, त्यातले 75,000 मुलगी 18 वर्षांची झाल्यावर. सहावीला 7,000 मिळतात, मग थेट अकरावीला 8,000. मुलगी शाळेतून गळते ती नेमकी यामधल्या वर्षांत! आणि अठराव्या वर्षी एकरकमी आलेले पैसे लग्नातच जातील ही भीती मला वाटते. हरियाणात 1994 साली सुरू झालेल्या अशाच योजनेचे पैसे पुष्कळ घरांनी लग्नातच घातले.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी वसतिगृह हवं, आणि ते मुकादमाची गाडी गावात येण्याआधी उघडलेलं हवं. दिवाळीनंतर महिन्याने जागा मिळून काय उपयोग? तोवर सोयरीक झालेली असते. वसतिगृहासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सप्टेंबरमध्येच करून घ्या. आठवी ते दहावीच्या कोणत्या मुलींचे आईबाप जाणार आहेत, त्यांची नावनिशीवार यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. यादीत नाव असलेल्या मुलीबद्दल कुणालातरी उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न : आमच्या वडिलांनी चार बहिणी चार दिशांना, लांब-लांब दिल्या. आता नातीला गावातलंच स्थळ आलं आहे. वडिलांचं काय गणित असेल?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : तुमच्याच तालुक्यातलं शिरापूर, उत्तर सोलापुरातलं कळमण, अकोल्याकडचं कंझारा अशा गावांत इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने 1975पासून वर्षानुवर्षं घरोघरी नोंदी घेतल्या. त्यावरून रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या अर्थतज्ज्ञांनी 1989 साली दाखवलं, की ज्यांच्या शेतीचं उत्पन्न जास्त बेभरवशाचं, ते लेकी लांब देतात. आणि अशी लांबची सोयरीक असलेल्या घरात पीक बुडालं तरी खाण्यापिण्याची ओढाताण कमी होते. पाऊस एकाच वेळी सगळीकडे दगा देत नाही, हे तुमच्या वडिलांना ठाऊक होतं. माझी आत्या पंढरपूरकडे बागायतदाराच्या घरी दिली होती. 1972च्या दुष्काळात आमच्या घरी ज्वारी आली ती तिच्याकडून.

आज ते काम पुण्या-मुंबईत नोकरी करणारं घरातलं माणूस करतं, थोडंफार पीकविमाही करतो. त्यामुळे स्थळ गावातलं की लांबचं यावर अडून बसू नका. पण नातीचं वय तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, ती कितवीपर्यंत शिकली तेही नाही. ते आधी कळवा, आणि तिला विचारलंत का, हेही.